मुंग्या, बधीरपणा आणि उडणारे स्नायू: निदान न झालेल्या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे जाताना

हातापायांना मुंग्या येतात, पोटरीतले मांस आपोआप उडते, चालताना पायाखालची जमीन किंचित हलल्यासारखी वाटते, आणि दोन-तीन डॉक्टर करूनही ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ याखेरीज काही हाती लागत नाही, अशा अवस्थेत नुकतेच सापडलेल्यांसाठी हे लिहिते आहे. बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहून मी ही अवस्था अकरा महिने भोगली. त्या काळात माझी सर्वांत मोठी चूक एकच झाली. आधी आजार कोणता ते ठरू दे, भीतीचे मग बघू, असे मी म्हणत राहिले. शरीराची तपासणी आणि भीतीवरचा उपाय ही दोन्ही कामे पहिल्या आठवड्यापासून बरोबरीने सुरू करायची असतात. भीतीवर उपचार घेतले म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, आणि तपासण्या केल्या म्हणून भीती आपोआप जात नाही.

सर्वांत आधी: थांबायचे कधी नाही

पुढील सर्व सल्ला सावकाश चालणाऱ्या तक्रारींसाठी आहे. काही लक्षणांत मात्र वही, सल्ला, नातेवाइकांची चर्चा यांपैकी कशालाही वेळ नसतो. तोंड एका बाजूला ओढले जाणे, एका बाजूच्या हातापायातील शक्ती अचानक जाणे, बोलणे अडखळणे किंवा न सुचणे, एकाएकी दिसेनासे होणे ही पक्षाघाताची चिन्हे आहेत. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून १०८ ला फोन करावा, सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि रुग्ण शेवटचा ठणठणीत किती वाजता होता ती वेळ कागदावर लिहून न्यावी. आपल्याकडे लकव्याचे औषध देणाऱ्या गावाला रुग्णाला घेऊन जाण्याची जुनी रीत आहे. माणसे श्रद्धेने जातात हे मी जाणते, पण ते साडेचार तास त्या रस्त्यावर संपतात. अशा रुग्णाच्या तोंडात पाणी, काढा, गोळी काहीही घालू नये.

पायांतून सुरू झालेला अशक्तपणा काही दिवसांत वर चढत जाणे हेही तितकेच तातडीचे आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात ज्याची मोठी साथ आली तो गियां-बारे सिंड्रोम असाच चढतो आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. लघवी अडणे किंवा नकळत होणे आणि त्याबरोबर बैठकीची जागा बधीर होणे, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी क्षणार्धात पराकोटीला गेलेली डोकेदुखी, तापाबरोबर मान ताठणे, पहिल्यांदाच आलेली फीट किंवा पाच मिनिटांत न थांबणारी फीट, या सर्वांत त्याच दिवशी, त्याच तासाला निघावे. कपाशीवर फवारणी करून आल्यावर घाम, लाळ, धूसर दिसणे आणि अंगभर स्नायू उडणे सुरू झाले, तर अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन रुग्णालयात जावे. डब्यावरचे नाव डॉक्टरांना उपचार ठरवताना उपयोगी पडते.

यांपैकी काहीही नसेल तर तुमच्या हाताशी दिवस नव्हे, आठवडे आहेत. ते नीट वापरावेत.

वही

एक साधी शंभर पानी वही घ्यावी. तिच्यात दिवसातून एकदाच, संध्याकाळी पाच मिनिटे लिहावे. प्रत्येक मुंगी आली की नोंद करू लागलात तर वहीच भीतीला खतपाणी घालते. हे मी स्वतः केले आहे. माझी पहिली वही तीन आठवड्यांत भरली आणि तिचा कोणत्याही डॉक्टरांना उपयोग झाला नाही.

शरीराची साधी आकृती काढून तक्रारीची जागा पेन्सिलीने रंगवावी. एका बाजूला आहे की दोन्ही, बोटांच्या टोकांपासून वर सरकते की एका पट्ट्यात आहे, करंगळीच्या बाजूला आहे की अंगठ्याच्या, किती वेळ टिकते आणि कशाने वाढते, एवढे पुरे. या सगळ्याहून मोलाचा रकाना मात्र वेगळा आहे. ‘काय जमेनासे झाले?’ असे त्याला शीर्षक द्यावे. भाकरी थापताना हात मध्येच थांबतो का? ब्लाउजचे हूक किंवा शर्टाची गुंडी लावायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का? उकिडवे बसल्यावर कशाला न धरता उठता येते का? तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? चालताना चप्पल पायातून निसटते का, आणि निसटली तर ते कळते की दोन पावले पुढे गेल्यावर लक्षात येते? हा शेवटचा प्रश्न न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांचे तज्ज्ञ, आवर्जून विचारतात, कारण कळून निसटणारी चप्पल बहुधा शक्ती कमी झाल्याचे सांगते आणि न कळता निसटणारी संवेदना कमी झाल्याचे. हातपाय गळाल्यासारखे वाटणे आणि काल होणारे काम आज न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचे वजन फार जास्त असते.

झटका, थरथर किंवा बेशुद्धी असे मधूनच येणारे काही असेल तर घरच्यांना मोबाईलवर चित्रीकरण करून ठेवायला सांगावे. डोळे उघडे होते की मिटलेले, हे त्यात दिसले पाहिजे. डॉक्टरांसमोर झटका क्वचितच येतो, त्यामुळे असे अर्ध्या मिनिटाचे चित्रण कित्येकदा महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगून जाते.

वहीच्या शेवटच्या पानावर सुरू असलेली सगळी औषधे लिहावीत. मेडिकलमधून स्वतःहून आणलेल्या गोळ्या, पुड्या, गावातल्या डॉक्टरांनी दिलेली ‘ताकदीची’ इंजेक्शने, सगळे. तंबाखू, दारू आणि कामाचे स्वरूपही लपवू नये. खुरपणीत तासन्‌तास उकिडवे बसल्याने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबून पाऊल लोंबकळू शकते. दिवसभर हाताचे तेच ते काम करणाऱ्यांना मनगटातील नस दबून रात्री पहिल्या तीन बोटांना मुंग्या येतात आणि हात झटकल्यावर बरे वाटते. काही कीटकनाशकांच्या विषबाधेनंतर एक ते तीन आठवड्यांनी पायांच्या नसा बिघडू शकतात, म्हणजे विषबाधा विसरून गेल्यावर. डॉक्टरांनी विचारले नाही तरी हे आपण सांगायचे.

पहिले डॉक्टर आणि रक्ताच्या तपासण्या

थेट मोठ्या शहराकडे धाव घेण्याआधी जवळच्या एमडी मेडिसिन डॉक्टरांना किंवा उपजिल्हा रुग्णालयातील फिजिशियनना भेटावे. मुंग्या आणि बधीरपणाची पुष्कळ कारणे साध्या रक्ततपासणीत सापडतात. हिमोग्लोबिनसह रक्तपेशी, साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉईड, बी-१२, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि कॅल्शियम या तपासण्या डॉक्टर बहुधा प्रथम सांगतात.

बी-१२ बद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. माळकरी, शाकाहारी घरांत या जीवनसत्त्वाची कमतरता नेहमी आढळते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ खाणाऱ्यांतही ती होते. हिमोग्लोबिन उत्तम असतानाही बी-१२ अभावी नसा बिघडू शकतात. आपल्याकडे मुंग्या म्हटले की लगेच लाल इंजेक्शन टोचले जाते आणि त्यानंतर तपासणी केली की पातळी भरपूर दिसते, म्हणजे मूळ कारणच झाकले जाते. म्हणून रक्त आधी द्यावे, इंजेक्शन नंतर घ्यावे. तसेच ‘नसांच्या’ म्हणून मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत बी-६ असते, आणि तेच जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास नसांना इजा करते. दोन-तीन प्रकारच्या अशा गोळ्या एकदम खाऊ नयेत.

त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श, गरम-गार कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी संकोच न करता करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते, वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो आणि हातापायांची विकृती टळते. लाजेपोटी चट्टा झाकून केवळ मुंग्यांची तक्रार सांगणारी माणसे मी पाहिली आहेत.

न्यूरॉलॉजिस्टकडे

रक्ताच्या तपासणीतून उलगडा झाला नाही किंवा पहिल्या डॉक्टरांना तपासताना काही आढळले, तर चिठ्ठी घेऊन पुढे जावे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि लातूर येथे मेंदूविकारतज्ज्ञ आहेत. संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, नांदेडचे, लातूरचे आणि अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय येथे मेडिसिन विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षातून सुरुवात करता येते. लातूर-धाराशिवकडची मंडळी सोलापूरला आणि नांदेडकडची हैदराबादला जातात. जाण्यास हरकत नाही, मात्र पुन्हा पुन्हा दाखवायला परवडेल असेच ठिकाण निवडावे. या आजारांत पहिल्या भेटीपेक्षा तिसऱ्या महिन्यातली भेट जास्त सांगते, आणि ती त्याच डॉक्टरांकडे झाली तरच तुलना करता येते.

बरोबर एकच माणूस न्यावा, आणि तो तुमच्याऐवजी न बोलणारा असावा. पहिल्या दोन मिनिटांत तीन गोष्टी सांगाव्यात: कधी सुरू झाले, कसे पसरले, काय जमेनासे झाले. कोणत्या आजाराची भीती वाटते तेही स्पष्ट बोलावे. ‘मला मोटर न्यूरॉन आजार असेल अशी धास्ती आहे’ हे वाक्य उच्चारायला मला सात महिने लागले. या आजारात स्नायू वाळत जातात आणि शक्ती हळूहळू जाते. ते वाक्य उच्चारल्यावर डॉक्टरांनी त्या आजाराची एकेक खूण माझ्या अंगावर तपासून दाखवली.

ती तपासणी कशी असते हे सांगते, म्हणजे झाली की नाही ते तुम्हाला कळेल. चपला-मोजे काढायला लावतात. टाचांवर आणि मग चवड्यांवर चालवतात. पाय जुळवून, डोळे मिटून उभे करतात. गुडघ्यावर, घोट्यामागे, कोपरावर रबरी हातोडी मारतात. तळव्यावर बोथट टोकाने रेघ ओढतात. कंप पावणारा लोखंडी चिमटा पायाच्या अंगठ्यावर टेकवून ‘थरथर थांबली की सांगा’ म्हणतात. तो गार चिमटा अंगठ्यावर टेकला तेव्हा त्याची थरथर मला अगदी शेवटपर्यंत कळली, आणि पोटरीत इतके महिने काहीतरी उडत असूनही त्या क्षणी मी प्रथमच नीट श्वास घेतला. त्याआधी एका ठिकाणी माझे मोजेही न काढता मणक्याचा आणि मेंदूचा असे दोन एमआरआय लिहून दिले होते. तपासणीशिवाय एमआरआय लिहिला जात असेल तर ‘डॉक्टरसाहेब, आधी एकदा हातपाय तपासून बघता का?’ असे नम्रपणे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे.

उठण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे तिथेच लिहून घ्यावीत. तपासताना काय सापडले? कोणते आजार यातून बाजूला पडले? काय बदल झाला तर मी लवकर यायचे? तसे काही झाले नाही तर पुढची तारीख कोणती?

रिपोर्ट

कमरेच्या एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ हे शब्द वाचून अनेकांची झोप उडते. कसलीही पाठदुखी नसलेल्या माणसांच्या स्कॅनचे अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांत डिस्क फुगलेली दिसते. म्हणजे ती फुगवटी तुमच्या मुंग्यांचे कारण असेलच असे नाही. तुमच्या तक्रारीची जागा आणि स्कॅनमधील पातळी जुळते का, हे डॉक्टरांनी सांगायचे असते. मेंदूच्या स्कॅनमधील एखाद-दुसऱ्या पांढऱ्या ठिपक्याबाबतही तसेच.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. नसांची एनसीव्ही तपासणी जाड तंतू मोजते, बारीक तंतूंचा बिघाड तिच्यात दिसत नाही. नस दुखावल्यानंतर स्नायूंच्या ईएमजीत बदल उमटायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे फार लवकर केलेली तपासणी फसवू शकते. मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, नॉर्मल आला म्हणजे मिरगी नाहीच असे नव्हे. प्रत्येक तपासणीपूर्वी ‘ही कशासाठी, आणि हिच्या उत्तरावरून उपचार बदलणार आहे का?’ असे विचारावे. बदलणार नसेल तर ती पुढे ढकलता येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांना असतो, बाहेरून केलेल्या तपासण्यांचा खर्च बहुधा आपल्यालाच पेलावा लागतो. त्यामुळे शेतमाल विकून स्कॅन करण्याआधी हा प्रश्न विचारणे फार महत्त्वाचे आहे.

रिपोर्ट रात्री एकट्याने, मोबाईलवर एकेक शब्द शोधत वाचू नये. एवढेच.

‘फंक्शनल’ म्हटले तर

कधी डॉक्टर म्हणतात की मज्जासंस्थेची रचना शाबूत आहे, कामकाज बिघडले आहे. याला फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. हे ‘काही सापडले नाही’चे दुसरे नाव नव्हे. त्याच्या स्वतःच्या खुणा असतात. उदाहरणार्थ, अशक्त पाय मुद्दाम खाली दाबायला सांगितला तर दबत नाही, पण दुसरा पाय वर उचलताना तोच पाय आपोआप जोरात दाबला जातो. हूव्हर नावाच्या डॉक्टरांनी १९०८ मध्ये नोंदवलेली ही खूण आजही तपासतात. रुग्ण सोंग करत नसतो. त्याच्या मेंदूचा आदेश आणि स्नायू यांच्यातील वाट अडलेली असते, आणि योग्य फिजिओथेरपीने ती पुष्कळदा मोकळी होते. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगणे रुग्णाला एकट्याला जमत नाही, म्हणून त्यांना डॉक्टरांसमोर घेऊन जावे. ‘बाईला टेन्शन आहे’ म्हणून प्रकरण मिटवले गेले तर खूण कोणती दिसली, हे शांतपणे विचारावे.

भीतीची बाजू

भीतीने श्वास जलद होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साईड घटतो आणि ओठांभोवती, दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या येतात. कधी बोटे आकडतात. ही संवेदना खरी असते. तिच्यामुळे भीती वाढते आणि श्वास आणखी जलद होतो. श्वास हळू सोडण्याचा सराव दिवसातून दोनदा, बरे वाटत असतानाच करावा, म्हणजे झटक्याच्या वेळी तो आठवतो.

दुसरा सापळा स्वतःला तपासत राहण्याचा. मी दिवसातून तीस-चाळीस वेळा टाचांवर चालून पाहत असे, पोटरी दाबून बघत असे. पोटरी दुखू लागली की तेच नवे लक्षण समजून घाबरत असे. रात्री यजमानांना उठवायचे, ‘अहो, हा पाय बारीक दिसतोय का हो?’ ते बिचारे शिवणकामाची टेप आणून मोजायचे, दोन्ही सारखे आहेत म्हणायचे, आणि मला समाधान मिळायचे ते जेमतेम तासभर. पापणी लवणे किंवा पोटरीतले स्नायू उडणे हे निरोगी माणसांत फार आढळते. जागरण, चहा-कॉफी, श्रम आणि चिंता यांनी ते वाढते. शक्ती कायम आहे, स्नायू वाळलेला नाही आणि तज्ज्ञांची तपासणी ठीक आहे, तर नुसत्या उडण्याला गंभीर आजाराचे लक्षण मानत नाहीत. हे मला पाठ होते, तरी टेप रोज निघत होती, कारण प्रत्येक दिलाशाने पुढच्या दिलाशाची भूक वाढत होती.

उपाय घरातूनच सुरू झाला. यजमानांनी आणि मी समुपदेशकांच्या सांगण्यावरून एक वाक्य ठरवले: ‘हे वहीत लिहू आणि तारखेला डॉक्टरांना विचारू.’ मी काहीही विचारले तरी ते एवढेच म्हणत, न चिडता. टेप जाऊबाईंकडे दिली. स्वतःला तपासणे आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, तेही वहीतील त्या रकान्यापुरते. मोबाईलवर आजार शोधणे पूर्ण बंद. पहिले दहा दिवस अतिशय कठीण गेले. त्यानंतर पोटरी उडत राहिली, पण मी पोळ्या लाटत राहिले.

घरच्या घरी जमत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतून बोलता येते; जगणे नकोसे वाटू लागले तर क्षणाचाही विलंब न लावता हाच फोन करावा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवावे. विचार आणि वर्तन बदलण्याची उपचारपद्धती आजाराच्या भीतीवर चांगली लागू पडते. डॉक्टरांनी गोळी दिली तर तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ती मनाने एकदम थांबवायची नसते. ॲमिट्रिप्टिलीनसारखी गोळी नसांच्या दुखण्यावरही कमी मात्रेत देतात, म्हणून तिच्या कागदावर ‘नैराश्य’ वाचून ती फेकून देऊ नये. झोपेसाठी अल्प्राझोलाम मात्र स्वतःहून मेडिकलमधून आणून खाऊ नये, त्याची सवय जडते.

कोणी करणी म्हणेल, कोणी बाहेरचे झाले म्हणेल. देवदर्शनाला जावे, मन शांत होत असेल तर नवस बोलावा. पण फिटीच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याचे ऐकू नये, आणि काय मिसळले आहे ते न सांगता दिलेली पुडी घेऊ नये. तसल्या पुड्यांत कधीकधी स्टेरॉईड मिसळलेले असते.

पुढे किती दिवस

तीन महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडे वही घेऊन जावे. त्या रकान्यात नवे काही नसेल तर ती स्वतःच एक मोठी नोंद आहे, कारण वाढत जाणारे आजार एवढ्या काळात बहुधा कुठेतरी काम अडवतात. दुसरे मत घ्यायचे असल्यास एकदाच, सगळी कागदपत्रे तारखेप्रमाणे लावून, आणि पहिल्या डॉक्टरांना सांगून घ्यावे. एखादे काम जमेनासे झाले, किंवा नवी तक्रार दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

माझे बी-१२ कमी निघाले, ते भरून काढल्यावर पायांच्या मुंग्या चार-पाच महिन्यांत ओसरल्या. पोटरी का उडते याचे पक्के उत्तर कोणी दिले नाही. ती अजूनही मधूनमधून उडते, विशेषतः परीक्षेचे पेपर तपासण्याच्या दिवसांत, आणि पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.